डाव्या हाताची सही

सुलक्षणाने वडिलांच्या, आबांच्या ताटाशेजारी तिच्याविरुद्ध दवाखान्यात आलेल्या अर्जाची झेरॉक्स ठेवली. चाळीस सह्यांतली सगळ्यांत वरची, वाकडीतिकडी 'शंकर' तिने बघताक्षणी ओळखली होती. सात वर्षांपूर्वी अर्धांगवायूने आबांचा उजवा हात गेला, तेव्हा पुण्यातली नोकरी सोडून, ठरत आलेलं लग्न मोडून ती शिरूरला परतली होती, आणि रोज संध्याकाळी पाटी पुढे घेऊन तिनेच त्यांना डाव्या हाताने सही करायला शिकवलं होतं. त्याच सहीने आज तिच्या काळजावर घाव घातला होता!

दवाखान्यात इमर्जन्सीच्या दाराशीच तिचं टेबल होतं. ताप, बीपी, पट्टी असली साधी दुखणी डॉक्टरांनी घालून दिलेल्या नियमाने ती तिथेच मार्गी लावायची, म्हणजे आत डॉक्टरांना अपघाताचे पेशंट बघायला सवड मिळायची. 'नर्सने इलाज करू नये, टेबल बंद करावं,' असं अर्जात लिहिलं होतं.

"आबा, कागद कुणी धरला होता?" तिने विचारलं. एका हाताने सही करताना कागद सरकतो, कुणीतरी तो दाबून धरावा लागतो.

"नवनाथनं."

तिचा सख्खा भाऊ...

"वाचून सही केलीत?"

"व्हय." आबांची मान खाली होती. "लोकं म्हनत्यात, शंकररावाची पोर डॉक्टर न्हाई आन् डॉक्टरकी करती. लाज वाटली पोरी."

लोकांसाठी जन्मदात्याने आपल्याला असं वाऱ्यावर सोडावं! तिने ताट उचललं, त्यांच्या हातावर बीपीची गोळी ठेवली, आणि आत जाऊन ओंजळीत तोंड लपवून रडली.

सोमवारी टेबल बंद होऊन भिंतीला लागलं. गुरुवारी आबा बीपी दाखवायला आले आणि बाकावर तीन तास बसून राहिले. ड्रेसिंगच्या खोलीतून सुलक्षणाला ते दिसत होते. त्यांच्या शेजारी कारेगावची एक बाई भाजलेल्या हाताची पट्टी बदलायला आली होती, पण डॉक्टर बघेपर्यंत सुलक्षणाला तिला हात लावायची मुभा नव्हती. कंपनीतली शिफ्ट चुकेल म्हणून बाई तशीच उठली.

"पयलं हितं सिस्टर बसायची," ती आबांना म्हणाली. "पाच मिनटात काम व्हायचं. कुन्या हलकटानं अर्ज केला म्हनं."

ती गेली. आबा काठी टेकत उठले आणि मोठ्या डॉक्टर हर्षदा मॅडमसमोर जाऊन उभे राहिले.

"त्यो हलकट मीच हाय, मॅडम. माझी सही खोडायचीय."

मॅडमनी अर्ज काढला. खोडा आणि तुम्हीच खोडली म्हणून शेजारी पुन्हा सही करा, म्हणाल्या. आबांनी डाव्या हातात पेन धरलं. रेघ ओढायला गेले तर कागद सरकला. पुन्हा सरकला. मॅडमनी हात पुढे केला, तसे आबा थांबले आणि दारात ट्रे घेऊन उभ्या असलेल्या लेकीकडे बघू लागले... मदत मागायचं धाडस त्यांना होत नव्हतं.

सुलक्षणाच्या मनातलं काहीच विझलं नव्हतं. एक सही खोडून टेबल परत येणार नाही, हेही तिला कळत होतं. तिने ट्रे खाली ठेवला, जवळ आली आणि दोन बोटांनी कागद दाबून धरला.

"करा सही, आबा," ती म्हणाली.