तीस फुटांवरचा अनोळखी इसम

हरिओम उढाण आणि अर्पिता तौर यांची पहिली भेट झाली तेव्हा अर्पिता जमिनीवर होती आणि हरिओम पाण्याच्या टाकीवर. टाकी प्लास्टिकची होती, रिकामी होती, आणि तिच्यावर कधी माणूस चढून बसेल हे ती बनवणाऱ्याच्या मनातही आलं नसणार. पण खाली साहेबराव उभा होता.

साहेबराव म्हणजे कुत्रा. काळाकुळकुळीत, भुवयांच्या जागी दोन तांबूस ठिपके, डोकं उखळाएवढं. सकाळी नऊच्या आत उठत नाही आणि समोर आलेल्या माणसावर आधी गुरगुरतो, म्हणून हे नाव. हरिओम डावरखेड्याच्या नगरपंचायतीत कारकून होता, त्यामुळे हे कारण त्याला एरवी लगेच पटलं असतं. त्या क्षणी मात्र तो दोन्ही हातांनी टाकीचं झाकण धरून होता.

फाटकाशी स्कूटी थांबली. गमबूट घातलेली, पाठीला औषधांची पेटी लावलेली एक मुलगी आत आली. गुरांच्या दवाखान्यातली पशुधन पर्यवेक्षक. कुणाच्या तरी म्हशीकडून परत आलेली असावी, कारण तिच्या हनुवटीवर शेणाचा एक बारीक ठिपका होता… तीट लावावी तसा.

"हलू नका," ती हळूच म्हणाली. "आन त्याच्याकडं बघू नका."

"मंग कुठं बघू?"

"तिकडं लिंबाच्या झाडाकडं बघा."

हरिओम तिच्याकडेच बघत होता.

"माझ्याकडंबी न्हाई!"

हरिओमने मान वळवून लिंबाकडे पाहिलं. खाली पावलं वाजली, कडी वाजली, भुंकणं दाराआड गेलं. मग आवाज आला, "उतरा आता."

"उतरतो की. त्याच्याआधी एवढी पोच द्या," असं म्हणून हरिओमने टाकीवरूनच नोटीस खाली धरली. नोकरीत सहा वर्षं झाली होती. पोच घेतल्याशिवाय तो कुठूनच उतरत नसे.

अर्पिताला हसू आलं. मग तिने कागद वाचला, आणि ते हसू हळूहळू गेलं.

गोष्ट अशी होती की दोनेक वर्षांपूर्वी दिल्लीहून एक कागद निघाला होता. अमुक अमुक जातीचे कुत्रे धोक्याचे, पाळू नयेत. पुढे प्रकरण कोर्टात गेलं, कागद मागे पडला. पण कागद येतो तेव्हा गावभर गाजतो, जातो तेव्हा कुणाला कळतही नाही. त्या गडबडीत कुणीतरी घाबरून साहेबरावला अंबड रोडच्या एका ढाब्यापाशी सोडून दिलं. ढाब्यावाल्यांनी आठ दिवस पत्र्याचे डबे बडवून त्याला हाकललं. नवव्या दिवशी अर्पिताने त्याला घरी आणलं. तेव्हापासून माणूस दिसला की तो भुंकायचा, आणि पत्रा वाजला की त्याचं भानच जायचं.

आणि सिराजोद्दीन चाचा सायकलवर पत्र्याचे डबे लावूनच टोस्ट-खारी विकत. गेल्या पंधरवड्यात साहेबरावने भिंतीवरून उडी मारली. चावला नाही. पण चाचा पडले, गुडघा खरचटला आणि सगळे टोस्ट नालीत गेले. चाचांनी अर्ज दिला, आणि मुख्याधिकारी साहेबांनी पोळ्याच्या आत प्रकरण निकाली काढायचं ठरवलं.

नोटिशीत लिहिलं होतं : एकवीस दिवसांनी सदर श्वानास मुसकं बांधून अनोळखी इसमापासून दहा फुटांवरून तीन वेळा नेण्यात येईल. श्वान अंगावर गेल्यास त्यास हद्दीबाहेर काढावे.

"अनोळखी इसम कोण?" अर्पिताने विचारलं.

"मीच. अहवालबी मलाच लिहायचाय."

"आन हद्दीबाहेर म्हंजे?"

"ते तुमी ठरवायचं."

"घनसावंगीकडं मामाचा ऊस आहे. तिथं बांधता येईल त्याला." ती थांबली. "साखळीला. मरस्तोवर."

आतून साहेबराव एकदाच कण्हला. बहुधा भुकेने असेल. पण हरिओमला वाईट वाटलं. ते कुत्र्यासाठी होतं की कुत्र्याच्या मालकिणीसाठी, याची नोंद त्याने तेव्हा केली नाही.

"एक काम कराल का?" अर्पिता म्हणाली. "गावात त्याला सराव द्यायला माणूसच न्हाई. वळखीचे चालत न्हाईत आन बिनवळखीचे पळून जातात. तुमी पळाले न्हाईत."

"मी वर गेल्तो."

"तेच म्हणते. रोज सव्वासहाला या."

हरिओमच्या मनात 'नाही' होतं, ओठांवरही 'नाही' होतं. तोंडातून "बराबर सव्वासहा?" असं निघालं.

दुसऱ्या दिवशी अंगणात फक्कीच्या पांढऱ्या रेघा होत्या, कबड्डीच्या मैदानासारख्या. पहिली तीस फुटांवर, मग दोन-दोन फुटांनी पुढे. हरिओमला तीस फुटांवर आडवं उभं करण्यात आलं, म्हणजे तोंड लिंबाकडे आणि खांदा कुत्र्याकडे. दात दाखवून हसायचं नाही, हात हलवायचे नाहीत, सरळ चालत यायचं नाही, आलाच तर बैलगाडीसारखा वळसा घेऊन. आणि डोळ्याला डोळा… अजिबात नाही.

अर्पिता साहेबरावला घेऊन दारात बसली. मांडीवर वाटी, वाटीत उकडलेल्या कलेजीचे तुकडे. साहेबराव हरिओमकडे बघायचा, आणि भुंकायच्या आत त्याच्या तोंडात तुकडा पडायचा.

"हे काय करून राह्यले तुमी?" हरिओमने झाडाला विचारलं.

"तुमी दिसले की कलेजी भेटती, एवढंच शिकवून राह्यले. आठ दिवसांनी तुमच्याकडं बघितलं की त्याला कलेजीच आठवंल."

"हे ऐकून मला बरं वाटायला पायजे का?"

ती हसली. हरिओमला ते दिसलं नाही, नुसतं ऐकू आलं. आणि त्या दिवसापासून त्याला एक नवीनच सवय लागली. लोक मुलीला आधी बघतात, मग तिचं बोलणं ऐकतात. त्याचं सगळं कानावरच चाललं होतं. गमबूट काढून चप्पल घातली की पाऊल कसं पडतं. चहा ओतताना बांगडी कपाला कशी लागते. "शाब्बास" म्हणताना आवाज कसा खाली उतरतो. ते शाब्बास कुत्र्यासाठी असायचं, पण अंगणात दोघं होते आणि तिने नाव घेतलेलं नसायचं.

अठ्ठावीस. सव्वीस. चोवीस.

"घरी काय सांगता रोज?" एकदा तिने विचारलं.

"हापिसचं काम."

"खोटं बोलता?"

"न्हाई हो. नोटीस बजावल्यावर पाठपुरावा असतोच की."

"सगळ्याच नोटिशींचा करता का?"

लिंबावर एक खार वर गेली, खाली आली. "…न्हाई," हरिओम म्हणाला.

श्रावणाची भुरभुर सुरू झाली की तिची छत्री आणि त्याची छत्री वीस फुटांवर उभ्या असायच्या. छत्री उघडतानाही हळू, लपवून उघडायची. साहेबराव भिऊ नये म्हणून हरिओम एक छत्री उघडायला दोन मिनिटं घ्यायचा. तेवढ्यात तो भिजायचा. मग आतून टॉवेल यायचा, पण टॉवेल आणणाऱ्या हाताकडे बघायचं नसायचं. हरिओमने आयुष्यात कुठल्याही नियमाचा एवढा राग केला नव्हता.

नवव्या दिवशी ते चौदा फुटांवर होते, आणि अर्पिता एवढी खुशीत होती की गुणगुणत होती. तेवढ्यात गल्लीतून खडखड, खडखड… चाचांची सायकल. साहेबराव उसळला. वाटी उडाली. अर्पिता पट्ट्याला धरून फरपटत दारापर्यंत गेली. सायकल लांब गेल्यावरही तो भिंतीकडे तोंड करून थरथरत होता.

अर्पिता पायरीवर बसली. कोपर सोललं होतं. "तीस फुटांवर जा परत," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज ओला होता. "रागीट न्हाई हो तो. भितो. भिणाऱ्याला लोक गुंडच समजतात."

हरिओम निमूट तीस फुटांवर गेला. नियमानुसार लिंबाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी पण भेत होतो. मला कलेजीबिलेजी कुणी दिली न्हाई. तरी आलोच ना?"

"मंग काय दिलं मी तुमाला?"

"चहा," हरिओम म्हणाला. भित्राच तो.

पण दुसऱ्या दिवशी तो येताना ऑफिसातला शिक्के ठेवायचा पत्र्याचा डबा घेऊन आला. चमच्याला रुमाल गुंडाळून त्याने तीस फुटांवरून डबा वाजवला. टक्. एवढाच. साहेबरावचे कान ताठ झाले. कलेजी. टक्. कलेजी. चार दिवसांनी रुमाल सुटला. सहा दिवसांनी डब्यात नाणी आली. विसाव्या संध्याकाळी हरिओम दहा फुटांच्या रेघेवर पुजाऱ्याने घंटा वाजवावी तसा डबा बडवत होता, आणि साहेबराव त्याच्याकडे एकदा बघून अर्पिताकडे वळून शांत बसत होता. वाजलं बरं का, आण इकडे, असा त्याचा चेहरा.

मग तो उठला, वळसा घेत हरिओमपाशी आला आणि त्याच्या चपलेवर डोकं ठेवून निजला. हरिओमने श्वास रोखला. अर्पिताने पण.

एकविसाव्या दिवशी नगरपंचायतीच्या पटांगणात मुख्याधिकारी साहेब खुर्ची टाकून बसले. चाचा सायकलीसकट आले होते. साहेबराव मुसकं बांधून उभा होता. मुसक्याला आतून कलेजीचं पाणी लावून अर्पिताने ते त्याच्या इतकं अंगवळणी पाडलं होतं की तो ते मिरवत होता.

हरिओमने अहवालाचा फॉर्म उघडला. पहिल्या ओळी भराभर भरल्या. चौथ्या ओळीवर पेन थांबलं.

'तपासणी करणाऱ्या कर्मचाऱ्याचा मालकाशी अथवा प्राण्याशी काही संबंध आहे काय?'

अशी ओळ प्रत्येक फॉर्मवर असते. हरिओमने सहा वर्षं तिच्यापुढे डोळे मिटून 'नाही' लिहिलं होतं. आजही लिहिलं असतं तर पाच मिनिटांत साहेबराव सुटला असता. त्याने अर्पिताकडे पाहिलं नाही. ती मात्र त्याच्याकडे बघत होती, आणि तो का थांबला ते तिला कळलं. तिचा चेहरा पांढरा पडला.

हरिओमने लिहिलं : 'होय.'

साहेबांनी चष्मा वर केला. "होय म्हणजे? काय संबंध?"

"प्राण्याशी मैत्रीचा, सर. त्याच्यापुढं मी अनोळखी इसम म्हणून उभा राहिलो तर ती फसवणूक होईल."

"आणि मालकाशी?"

हरिओमने आजूबाजूला पाहिलं. पटांगणात दोन शिपाई, एक पंच, चाचा आणि पाण्याच्या कनेक्शनसाठी आलेले सात नागरिक होते.

"…विचाराधीन आहे, सर."

कुणीतरी खोकलं. अर्पिताचे कान लाल झाले. रागाने की कशाने, ते ठरवायला तिला वेळ नव्हता, कारण साहेब म्हणत होते, "मग तपासणी रद्द. मुदत आज संपते. दुसरा माणूस आहे का?"

शिपाई आभाळाकडे बघू लागले. साहेबांनी स्वतःला रक्तदाब असल्याचं आपणहून सांगितलं.

"मी चालतो," सिराजोद्दीन चाचा म्हणाले.

"चाचा, तुमी?" अर्पिताच्या तोंडून निघालं.

"अर्ज माझा आहे ना, बेटी? मंग चालणार बी मीच. सायकल घेऊन चालतो, डबे बी वाजू दे. कुत्रा सुधरला की न्हाई, मला बिलकुल पक्कं पाहू दे. नुस्त्या कागदावर सुधरलेले लई पाह्यले मी." हे म्हणताना त्यांनी कचेरीच्या इमारतीकडे का पाहिलं, ते कुणी विचारलं नाही.

"चाचा, त्याच्या डोळ्यात बघू नका," हरिओम हळूच म्हणाला. "आन थोडा वळसा घेऊन या."

"मला शिकवतो का रे? चाळीस साल झाले, गल्लीगल्लीत कुत्र्यांतूनच तर धंदा करून राह्यलो."

खडखड, खडखड… पहिली फेरी. साहेबरावचे कान ताठ झाले, अंग ताठ झालं. अर्पिताची मूठ पट्ट्यावर पांढरी पडली. दुसरी फेरी. मानेवरचे केस उभे राहिले. हरिओम लिंब शोधत होता, पण पटांगणात लिंब नव्हता. तिसऱ्या फेरीला चाचा थांबले, आणि मुद्दाम, पुरत्या जाणतेपणाने, त्यांनी डब्यावर जोरात थाप मारली.

धडाम्!

साहेबरावने चाचांकडे बघितलं. लांबलचक एक क्षण बघितलं. मग मान वळवली, अर्पिताकडे तोंड केलं आणि खाली बसला. वाजलं बरं का, आण इकडे.

चाचांनी सायकल स्टँडवर लावली. "लिहून घ्या साब, तक्रार वापस," ते म्हणाले. मग खालच्या डब्यातून एक टोस्ट काढून त्यांनी अर्पिताच्या हातात दिला. "ह्याला द्या. माझ्या हातचं आजच नको… हळूहळू."

संध्याकाळी सव्वासहाला हरिओम सवयीने फाटकाशी आला. आता काम उरलं नव्हतं, हे त्याला फाटक उघडल्यावर आठवलं. अंगणातल्या रेघा पावसाने पुसट झाल्या होत्या. कुठे उभं राहावं ते न कळून तो तीस फुटांवर, आडवा, लिंबाकडे तोंड करून उभा राहिला.

"सगळ्या गावासमोर?" पायरीवरून आवाज आला. "विचाराधीन?"

"खोटं कसं लिहिणार?"

"माझा कुत्रा जाणार होता!"

"माहीत आहे." तो थांबला. "पण मंग तुमच्या कुत्र्याच्या सुटकेच्या कागदावर एक उत्तर खोटं राह्यलं असतं. आन मला ते उत्तर… खोटं नको होतं."

मग चपलांचा आवाज, पण सरळ नाही. वळसा घेत, हळू, अठ्ठावीस, सव्वीस, चोवीस… मागून साहेबरावच्या नखांची टिकटिक. आवाज अगदी जवळ येऊन थांबला. दोन फूटही नसतील.

"त्या विचाराधीन प्रकरणात," ती म्हणाली, "मालकाचं म्हणणं कधी घेतात?"

हरिओमने लिंबालाच उत्तर दिलं. "मालक… हजर असले की."

"मालक हजर आहेत. लिंब सोडा. इकडं बघा."

हरिओमने मान वळवली. एकवीस दिवस ऐकलेलं सगळं त्याला एकदम दिसलं. हनुवटीवर आज शेण नव्हतं. तिने तिथे बोट टेकवून विचारलं, "काय शोधता?" आणि तो बघतच राहिला.

दोघांच्या मध्ये साहेबराव बसला होता. गप्प राहून बघत राहिलं की काहीतरी चांगलं पदरात पडतं, एवढं तो पक्कं शिकला होता, त्यामुळे तो शांतपणे वाट बघत बसला.

हरिओमही.