उत्तराची हाक

नंदिनी आष्टीला गेली होती ती फक्त आपला कीबोर्ड आणायला. पिपरी मेघेतल्या तिच्या गाण्याच्या क्लासला मुलं वाढली होती, आणि तो कीबोर्ड गावाबाहेरच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या गोदामात तसाच पडून होता. मे महिन्याची दुपार. ती एसटीतून उतरली तेव्हा रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

गोदाम रत्नदीपच्या मामाचं. तिथंच तिनं आणि रत्नदीपनं काही वर्षं खपून 'उत्तरा' हा अल्बम केला होता. स्पेस रॉक. घुमत जाणारी गिटार, सिंथेसायझरचे लांबच लांब सूर आणि सगळ्या गाण्यांतून उलगडत जाणारी एकच कथा. उत्तरा नावाची बाई शनीच्याही पलीकडे एकटी जाते. पृथ्वीवरचा एक माणूस तिला शब्द देतो, तू हाक मार, मी ऐकत राहीन. आणि एक दिवस तो ऐकायचं यंत्र बंद करून घरी निघून जातो. ती मात्र हाका मारतच राहते. ही कथा नंदिनीची, शब्द तिचे, उत्तराचा आवाजही तिचाच. वाद्यं सगळी रत्नदीपची.

थंडी सरता सरता अल्बम आला. तिनं तो मोबाइलवर लावला, तर पहिल्याच गाण्यात कुणा परक्या गायिकेचा आवाज. कथा, शब्द, संगीत, सगळीकडे एकच नाव होतं, रत्नदीप. तिनं त्याला फोन केला नाही. त्यानंही केला नाही.

गोदामाची राखण करणारी शकुबाई निंबाखाली बसली होती. नंदिनीला पाहून ती चपापली.

"भाऊ आतच हायेत, बाई. कालपासून. जेवाले बी नाई आले." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मले वाटलं, तुम्हीच आत गाऊन राह्यल्या... मंग इकडून कशा आल्या?"

नंदिनीनं दार ढकललं. आत सरकीचा खवट वास, तापल्या पत्र्याची धग, आणि उन्हातून आल्यावर डोळ्यांना काहीच दिसू नये असा काळोख. वीज सकाळपासून गेलेली होती. हळूहळू रत्नदीप दिसला. जमिनीवर बसलेला, डोळे खोल गेलेले. त्याच्या मागे गाण्याची खोली होती. रुईच्या गाठी एकावर एक रचून त्यांनी ती केली होती, बाहेरचा आवाज आत शिरू नये म्हणून.

"काऊन केलं असं?" तिनं विचारलं.

"गाण्याच्या कंपनीले नावाजलेली गायिका पाह्यजे होती. मले वाटलं, तू समजून घेशील."

"अन् कथा? ते बी तुहीच झाली?"

त्यानं मान वर केली नाही. तसाच म्हणाला, "तुह्या आवाजाचं सारं पुसलं मी, नंदू. एक ओळ ठेवली नाई. तरी..." त्यानं गाठींकडे बोट केलं. "ऐक."

आधी नुसताच पत्रा तडतडला. मग गाठींच्या आतून, दमलेल्या, दूरच्या सुरात तिचाच आवाज आला.

"रत्नदीप... ऐकतोस ना?"

ही ओळ तिनं कधी गायली नव्हती. तिचा हात गळ्याशी गेला. ओठ मिटलेले होते.

"एकदा ओ देऊन येतो," तो उठत म्हणाला. "मंग थांबन ते."

"जाऊ नको. मी सांगून राह्यली ना... नको जाऊ."

त्यानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती कुणी तिऱ्हाईत होती. "तूच तं बोलावून राह्यली," तो म्हणाला, आणि खोलीच्या दाराशी टांगलेल्या गादीचा पडदा सारून आत गेला.

आवाज थांबला.

तिनं हाक मारली. ओ आली नाही. पडदा ओढला तेव्हा आत माइक होता, स्टूल होतं, आणि त्याच्या चपला माइकसमोर शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या होत्या. खोलीला दुसरं दार नव्हतं. पोलिसांनी नंतर एकूण एक गाठ हलवून पाहिली. शकुबाईनं शपथेवर सांगितलं, बाहेर कोणीच आलं नाही.

लोक म्हणाले, फसवणाऱ्याला बरी अद्दल घडली. नंदिनीला तसं वाटलं नाही. त्यानं दगा दिला होता, खरं. पण त्याला नेलं ते तिच्याच आवाजानं, आणि तिला न विचारता. तेव्हापासून ती गात नाही. क्लासमध्ये मुलांना बोटांनीच सूर दाखवते.

रत्नदीपचा फोन बंद आहे असं पोलीस सांगतात. तिच्या मोबाइलवरून मात्र तो लागतो. पहिल्यांदा लागला तेव्हा तिनं "हॅलो" म्हटलं, आणि एका श्वासाएवढ्या वेळानं त्याचं "हॅलो" आलं. पुढच्या खेपेला उत्तर यायला कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत वेळ लागला. मग त्याहून जास्त, जणू दर खेपेला तो आणखी दूर गेलेला असावा. हल्ली ती सकाळी विचारते आणि फोन तसाच चालू ठेवून कामाला लागते.

परवा सकाळी तिनं विचारलं, "एकटाच हायेस का रे तिथं?"

दिवेलागणीला उत्तर आलं. आवाज फार लांबचा होता, पण त्याचाच होता.

"फोन नको करत जाऊ, नंदू. तुहा आवाज आला का, इथं कोणी तरी वळून पाह्यते."