हौदाचं पाणी

"तो मोबाईल ठेव की खाली! हितं बघ," एंजल हौदाच्या काठावर वाकून म्हणाली.

निकितानं नाइलाजानं पाहिलं. ती पुण्याहून सुट्टीला काष्टीत आप्पासाहेबमामांकडे आली होती. स्कॉलरशिपवाली भाची, म्हणून गावभर कौतुक! गावातल्याच एंजलला पाढे येत नसत, म्हणून ती ढ. सुट्टीभर भीमाबाईच्या शेळ्या वळल्या की तिला एक करडू मिळणार होतं. पण काल दोन शेळ्या तोंडाला फेस येऊन मेल्या आणि "पोरीनं कायतरी भलतं चारलं" म्हणत भीमाबाईनं करडू नाकारलं. निकिता सकाळपासून मोबाईलवर विषारी झाडं धुंडाळत होती.

"नुसतं पाणी तर आहे," ती म्हणाली.

"उन्हाळ्यात हितं गांधीलमाशा घोंगावत्यात. कालपासून एक न्हाई. आन् काठावर ह्यो पांढरा ओघळ. मामांनी फवारणीचा पंप हितंच धुतलाय. आन् शेळ्या हितलंच पानी पित्यात."

"आणि आमचे दादा कबूल करतील होय?" मामांचा मुलगा ओम म्हणाला. "उलट मलाच झोडपतील."

"करत्याल. निकिता, तू माठातलंच पानी न्हे आन् हौदातलं म्हनून दे."

अंगणात मामा, भीमाबाई आणि चार शेजारी गप्पा हाणत बसले होते. निकितानं तांब्या पुढे केला. "मामा, माठ रिकामा होता. हौदातलं आणलंय."

ओठांना लागलेला तांब्या मामांनी भिरकावलाच. "अगं, त्यात पंप धुतलाय मी!"



"मंजी माज्या शेळ्या तुमी मारल्या व्हय?" भीमाबाई म्हणाली.

मामा ओशाळले, पण क्षणभरच. "चुकलं माझं. पण भाचीचं डोकं बघा! किती हुशार पोरगी!" लगेच सगळ्यांनी माना डोलावल्या. मोठ्या माणसांना विषय बदलायला फार वेळ लागत नाही.

निकिताला लाज वाटली. "हे एंजलनं ओळखलं. युक्तीही तिचीच."

सगळे एंजलकडे बघून हसले.

"मनानं बी किती मोठी हाय बघा," भीमाबाई म्हणाली आणि तिनं काळं करडू निकिताच्या हातात दिलं. "घे. तुज्यामुळं बाकीच्या वाचल्या."

निकितानं ते तसंच एंजलपुढे धरलं.

"तुला दिलंय त्यांनी," एंजल म्हणाली. हौदातलं पाणी अजून कुणी सोडलं नव्हतं आणि शेळ्या तिकडेच निघाल्या होत्या. त्यांना अडवायला ती पळत सुटली.