वुकाशिनला खोटं बोलता येत नाही

"नका घेऊ, आजोबा. तीन तासांचं आहे. पाय आखडतील तुमचे."

रांगेत मागेच उभ्या असलेल्या नेवेनाला आधी खरंच वाटेना. तिकीटखिडकीतला, दोन दिवसांची दाढी वाढलेला तो माणूस ज्या नाटकाला नावं ठेवत होता, ते तिचं होतं! म्हणजे तिनं लिहिलेलं नव्हतं की बसवलेलंही नव्हतं. नेवेना बेलग्रेडमध्ये नाट्यव्यवस्थापनात एम.ए. करत होती, आणि या छोट्या थिएटरातलं 'मीठवाल्याची बायको' हे पडत चाललेलं नाटक चालवून दाखवणं, ही तिची शेवटची परीक्षा होती. चौदा मार्चच्या प्रयोगाला परीक्षक येणार. एकशे ऐंशी खुर्च्या भरल्या तर पदवी. नाहीतर वर्ष पाण्यात आणि नाटकही बंद.

आजोबा आभार मानून चक्क निघून गेले.

"तुम्ही इथे तिकिटं विकता, की लोकांना परत पाठवता?" नेवेनानं खिडकीच गाठली.

"दोन्ही," तो शांतपणे म्हणाला. "तुम्हाला काय हवंय?"

त्याचं नाव वुकाशिन. डोळे तपकिरी, झोपाळू आणि — हे कबूल करायला ती मुळीच तयार नव्हती — छान. आणि नशीब बघा, पुढचे सहा आठवडे तिला त्याच्याच शेजारच्या टेबलावर बसायचं होतं.

सहा आठवडे! देवानं परीक्षा घ्यावी, पण किती! फोन वाजला की वुकाशिन प्रत्येकाला खरं तेच सांगायचा.

"हो, मधे वीस मिनिटं कोणीच काही बोलत नाही. नाही हो पर्सिदाबाई, संवाद विसरत नाहीत, मुद्दाम गप्प बसतात."

शेवटी तिनं त्याला कागदावर लिहूनच दिलं — 'काळजाला हात घालणारा अनुभव.' त्यानं ते पर्सिदाबाईंना फोनवर नीट वाचून दाखवलं आणि पुढे म्हणाला, "असं मला लिहून दिलंय."

"अहो, जरा कौतुक केलंत तर जीभ झडेल का तुमची?"

"झडणार नाही. पण शाळेतून निवृत्त झालेल्या या पर्सिदाबाई अकरा वर्षं मला फोन करतायत. मी 'या' म्हटलं की येतात, मैत्रिणींनाही आणतात. म्हणून मी उगाच 'या' म्हणत नाही."

"मग माझ्यासाठी एकदा म्हणा!"

तो तिच्याकडे बघत राहिला... जरा जास्तच वेळ. "तुमच्यासाठी..." एवढंच म्हणाला, आणि फोन वाजला. मेल्या फोनलाही नेमकं तेव्हाच वाजायचं होतं!

मग नेवेना स्वतःच पत्रकं घेऊन रस्त्यावर उतरली. कोशावा हा तिथला बोचरा वारा असा सुटला होता, की निम्मी पत्रकं डॅन्यूब नदीनंच वाचली असतील. ती कुडकुडत परत आली, तेव्हा वुकाशिननं लिंडनच्या फुलांचा गरम चहा पुढे सरकवला.

"नाक लाल झालंय तुमचं."

"कळतंय मला!"

"छान दिसतंय, असं नाही म्हणत मी."

"म्हणूही नका!"

चहा मात्र तिनं शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

पाच दिवस उरले, आणि विकली गेली होती फक्त बेचाळीस तिकिटं. त्या दुपारी ती त्याच्यासमोर रडली, आणि रडू आल्याबद्दल त्याच्यावरच ओरडली. त्यानं समजूत घातली नाही. समजूत घालायची तर थोडं खोटं बोलावं लागतं ना! दुसऱ्या दिवसापासून तिनं खिडकीकडे फिरकायचंच सोडलं आणि ती गावभर पत्रकं वाटत सुटली.

आणि चौदा तारखेला थिएटरासमोरची रांग पार कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत! लोकरी टोप्या, काठ्या, लिपस्टिक लावलेल्या आज्या. नेवेना दारात थक्क होऊन उभी. पण ही माणसं पोस्टरकडे बघतच नव्हती. बघत होती ती तिच्याकडे! एका बाईंनी तर तिचा गालगुच्चाच घेतला.

"मी पर्सिदा. तूच ना गं ती? नाक तर काही लाल नाही."

"काय?"

"अगं, वुकाशिननं स्वतः फोन केला आम्हा सगळ्यांना. म्हणाला, नाटक रटाळच आहे, पण एका मुलीनं त्यासाठी जिवाचं रान केलंय, तिच्यासाठी या. मी विचारलं, आवडते का रे तुला? म्हणाला, फार."

नेवेना कानांपर्यंत लाल झाली. तिला आनंद झाला, अगदी मनापासून झाला. आणि त्याच्या दुप्पट संताप आला. ती तरातरा खिडकीपाशी गेली.

"अख्ख्या बेलग्रेडला सांगितलंत! मला सोडून!"

"त्यांनी विचारलं," वुकाशिन म्हणाला. त्याचेही कान लाल झाले होते. "तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

नेवेनानं दात-ओठ खाल्ले, मोबाइल काढला आणि तिथेच, त्याच्या डोळ्यांत बघत, नंबर फिरवला. त्याच्या कोपराशी फोन खणखणला.

"बोला... तिकीटखिडकी."

"ती मुलगी..." तिनं विचारलं, "खरंच आवडते?"

"हो."

"चिडलेली नसते तेव्हासुद्धा?"

"ते अजून पाहायला मिळालेलं नाही."

तिसरी घंटा झाली. सगळ्या एकशे ऐंशी खुर्च्या भरल्यामुळे जागा न मिळालेल्या परीक्षकबाई दारापाशी उभ्या राहून हसत होत्या आणि वहीत काहीतरी लिहीत होत्या.

"मलाही," नेवेना फोनमध्ये हळूच म्हणाली. "...तुम्ही आवडता."

मग तिनं फोन बंद केला आणि खिडकीवर जोरात हात आपटला. "आणि आता तरी 'तू' म्हण ना रे, दगडा!"