पायरीवरचा मेहुणा

दिवा जरा मोठा करा, आणि मधेमधे हुंकार देत बसू नका. भुताची गोष्ट म्हटली की लोकांना पांढरी साडी लागते. हिच्यात साडी नाही. इंजिन आहे.

मालगाड्यांच्या यार्डात एक म्हातारा ड्रायव्हर होता. डबे इकडून तिकडे ढकलायचे, जोडून गाडी उभी करायची, एवढंच त्याचं काम. त्याचं जुनं डिझेल इंजिन भंगारात गेलं आणि नवं आलं, अर्धं बॅटरीचं, अर्धं डिझेलचं. धड गाढव नाही, धड घोडा नाही, असं म्हातारा पहिल्याच दिवशी म्हणाला. बॅटरीवर ते मांजराच्या पावलांनी चालायचं. बॅटरी उतरली की डिझेल आपोआप धडधडायला लागायचं, नाहीतर बटण दाबून हवं तेव्हा चालू करायचं.

जन्मभर त्या धडधडीने कान भरून गेले होते. आता पहिल्यांदाच म्हाताऱ्याला यार्ड ऐकू यायला लागलं. रुळांचं कण्हणं, खडीवरचे पाय. आणि एका सकाळी इंजिनाच्या पुढच्या पायरीवरून कुणाची तरी कुरकुर.

कुरकुर ओळखीची होती. गुडघ्याला चोळायच्या तेलाचा वासही ओळखीचा. म्हाताऱ्याचा मेहुणा, बायकोचा सख्खा भाऊ, त्याच यार्डात सारी नोकरी डबे जोडत आला होता. मागच्या हिवाळ्यात घरच्या अंथरुणात खोकत खोकत गेला. दोघांचं एक दिवस पटलं नाही आणि एकमेकांवाचून एक दिवस करमलं नाही. जुन्या गोंगाटात त्याचा शब्द कधी केबिनपर्यंत पोचला नव्हता. आता पोचत होता. दाजी, ब्रेक किती उशिरा मारता. चहा किती गोड पिता. माझ्या बहिणीनं तुमच्यापायी काय काय सोसलं.

चार दिवस म्हाताऱ्याने हे ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी त्याला राहवेना.

"मेलास तरी तोंड मिटत नाही का रे तुझं?"

घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती घाबरलीसुद्धा नाही. एवढंच म्हणाली, "विचारा की त्याला, गुडघा दुखतो का अजून."

आता डबे जोडायला म्हाताऱ्याचा जावई होता. दुसऱ्या यार्डातून बदलून आलेला, लग्नही मेहुणा गेल्यावर झालेलं. त्याने सासऱ्याला कितीदा विनवलं होतं की धुकं असलं की डिझेल चालू ठेवा, आवाज नसला की आम्हाला इंजिन उभंच आहे असं वाटतं. यार्डाचा नियमही तोच होता. म्हातारा हो हो म्हणायचा आणि बॅटरीवरच चालवायचा. डिझेल लावलं की मेहुणा त्यात बुडायचा, आणि तेवढं त्याला सोसवत नव्हतं.

मग ती सकाळ आली. धुकं असं की आपलाच हात पुढे केला तर बोटं दिसेनात. म्हातारा डबे हळूहळू पुढे ढकलत होता. पायरीवर नेहमीची रडगाणी चालू होती. एकदम ती थांबली. तेलाचा वास केबिनच्या आत आला, अगदी कानाशी.

"दाजी... आवाज करा."

म्हाताऱ्याने बटण दाबलं आणि ब्रेकही ओढला. डिझेल खोकलं, मग गरजलं. पुढे कुणीतरी ओरडलं आणि डबे एकमेकांवर आदळले.

तो खाली उतरून धावला. जावई रुळाबाहेर खडीवर पडला होता, पांढराफटक, पण सगळा शाबूत. अडकलेला हूक सोडवायला तो दोन डब्यांच्या मधे वाकला होता. इंजिन उभंच आहे, असं समजून. डोक्यावरची टोपी मात्र डब्यांच्या टोकांना टक्कर झेलणाऱ्या दोन बफरांमध्ये चपटी होऊन राहिली.

त्या दिवसापासून म्हाताऱ्याने, धुकं असो नसो, डिझेल कधी बंद केलं नाही. भाऊ काय म्हणतो, असं बायकोने एकदा विचारलं. ऐकू येत नाही, असं त्याने सांगितल्यावर तिने घडी घातलेला टॉवेल पुन्हा उलगडला आणि पुन्हा घडी घातली.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण पुढच्या धुक्यात जावई केबिनखाली आला आणि धडधडीवरून ओरडून विचारू लागला, "बाबा, तो म्हातारा माणूस कोण? रोज तुमच्या पायरीवर असतो. आज तिकडे डब्यांच्या मधे उभा आहे."

"काय करतोय?" म्हाताऱ्याने विचारलं.

"हात हलवतोय. काहीतरी सांगतोय. ये म्हणतोय की जा म्हणतोय... या आवाजात कळत नाही."

म्हाताऱ्याचं बोट बटणावर गेलं. डिझेल बंद केलं तरच मेहुणा काय म्हणतो ते ऐकू येणार होतं. त्याने मान वर केली, तर जावई खालून निघालासुद्धा होता, डब्यांकडे, धुक्यात.