चंद्राक्कांची केळ आणि पूजेला बसलेली फावडी

दसऱ्याच्या सुट्टीचा पहिलाच दिवस, संध्याकाळची वेळ, आणि बनशंकरीतल्या बागेच्या शेडमध्ये त्रिविक्रम फावड्यांना हळदकुंकू वाहत होता. शलाका कुदळीला झेंडूची माळ घालत होती. दहा वर्षांच्या विराटने उदबत्त्यांचा इतका धूर केला होता, की झाडावरचे कावळे खोकायला लागले.

"स्वल्प भक्ती आण रे चेहऱ्यावर," त्रिविक्रम कुजबुजला. "केक कापायला उभा राहिल्यासारखा दिसतोस."

भक्तीचं कारण बागेच्या टोकाला उभं होतं : चंद्राक्कांचं केळीचं बेट. चंद्राक्कांनी तीस वर्षं सिटी बसमध्ये कंडक्टरकी केली होती. त्यांच्या आवाजाला घाबरून लाल सिग्नल हिरवे होत. नोकरी लागली त्या आठवड्यात त्यांनी रसबाळे जातीचा एक मुनवा, म्हणजे केळीच्या बुडाशी फुटलेलं पिल्लू, घरासमोर लावला होता. आता ती केळी बाजारात शोधूनही मिळत नाहीत. पण जागा पडली लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, असोसिएशनची.

यंदा बागेतल्या अकरा केळी पिवळ्या पडून मोडल्या. मुळांतून शिरणारी बुरशी, झाडाचं पाणीच तोडते. बेटातलीही एक केळ पिवळी पडली आणि सेक्रेटरी दयानंद अंकलनी फळ्यावर लिहून टाकलं, की रोग चंद्राक्कांच्या बेटातून आला, उद्या सकाळी सगळं बेट खणून काढणार.

एचएसआर लेआउटहून मामाकडे राहायला आलेल्या शलाकाला ते पटेना. "लॉजिकच नाही. बेटाशेजारच्या सहा केळी ठणठणीत, आणि मेल्या त्या सगळ्या खतखड्ड्याजवळच्या. रोगाने काय लांब उडी मारली?"

त्रिविक्रमची आतेबहीण मनस्विनी केळीच्या रोगांवर प्रयोगशाळेत काम करायची. तिने फोनवर सांगितलं, की तपासून सांगते, पण आठ-नऊ दिवस लागतील. खणायला तर एकच रात्र उरली होती. म्हणून ही पूजा.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळी बसवंत शेडपाशी आला, हात जोडून दोन पावलं मागे सरकला. दयानंद अंकल तणतणले, आयुधपूजा नवमीला असते.

"आमच्या घराण्यात आयुधं घटस्थापनेलाच बसतात, अंकल," त्रिविक्रम म्हणाला. "उठतात दसऱ्याला."

घराणं साडेतीनशे वर्षांचं होतं, प्रथा बारा तासांची. पण बसवंतने सांगून टाकलं, की नोकरी गेली तरी पूजेतल्या फावड्याला हात लावणार नाही. अंकलनी स्वतः हात पुढे केला, तेवढ्यात विराटने घंटा वाजवली. हाताचा आपोआप नमस्कार झाला.

दिवस मिळाले. अवजारं सिंहासनावर असल्यामुळे तिघांनी खतखड्डा स्वयंपाकघरातल्या डावांनी उकरला. तळाशी केळीचे अर्धवट कुजलेले खांब निघाले. कापले तर आत तांबूस-तपकिरी रेघा, त्याच रोगाची खूण! एकाला अजून आंब्याच्या डहाळीचा दोरा होता. गेल्या वर्षी आयुधपूजेला प्रत्येक फाटकाला आणि स्कूटरला बांधलेले, कुठकुठल्या मळ्यांतून आलेले खांब. दुसऱ्या दिवशी अंकलनी मोठ्या अभिमानाने त्यांचं खत करवलं होतं. बागेतल्या, खड्ड्यातल्या आणि बेटातल्या आजारी केळीचे तुकडे तीन कागदी पाकिटांतून मनस्विनीकडे गेले.

दसरा उजाडला. फावडी उठली. अंकल बसवंतला घेऊन हजर, मनस्विनीचा पत्ता नाही. तिघं बेटासमोर हात धरून उभे राहिले. बाजूला होणार नाही म्हणजे नाही.

चंद्राक्का त्यांच्या पुढे येऊन उभ्या राहिल्या. "दयानंदा, 'पुढे सरका, पुढे सरका' म्हणत तीस वर्षं काढली. आज कोण पुढे सरकतो ते बघते."

कोणी सरकलं नाही. तेवढ्यात मनस्विनीची स्कूटर आली.

तिन्ही पाकिटांत बुरशी निघाली, पण अक्कांची वेगळी, हे तिचं ऐकून अंकल म्हणाले, "बुरशी ती बुरशी. त्यात तुझी-माझी काय?"

"नाव एक, घराणी अनेक," मनस्विनीने कागद पसरला. "हे तिन्ही तुकड्यांतल्या बुरशीच्या डीएनएचे पट्टे. बागेतली आणि खड्ड्यातली बुरशी रेघेला रेघ जुळते. अक्कांची वेगळ्याच घराण्यातली. बागेच्या रोगाशी हिचा संबंध नाही."

आजारी केळ मुळासकट काढावीच लागेल, हेही तिने सांगितलं. पण ही दुसरी बुरशी असलेल्या मातीत बाकीचं बेट इतकी वर्षं ताठ उभं कसं, ते प्रयोगशाळेला शिकायचं होतं. त्यासाठी तिला बेटातले दोन मुनवे तपासायला हवे होते.

"मग खड्ड्यातली बुरशी आणली कुणी?" विराटने अगदी साळसूदपणे विचारलं.

तोच ढकलगाडी खडखडत आली. कालच्या आयुधपूजेचे खांब रचून, थेट खतखड्ड्याकडे. अंकल असे धावले की त्यांची एक चप्पल मागेच राहिली. गाडीला आडवे होत ओरडले, "थांब! एकही खांब बागेत टाकायचा नाही!"

धापा टाकत परत आले, फळ्यावरची नोटीस स्वतःच्या रुमालाने पुसली. "माझीच चूक, अक्का. बोट आधी दाखवलं, तपास नंतर. ही पोरं नसती तर आज तुमची केळ गेली असती आणि रोग माझ्याच खतातून पुन्हा पसरला असता. शाबास रे!"

बसवंतने आजारी केळ काढली, फक्त तेवढीच. चंद्राक्कांनी बाकीच्या एकेका खोडाला हात लावून पाहिला. मग तिघांकडे वळल्या.

"अशी पोरं माझ्या बसमध्ये असती ना," त्या म्हणाल्या, "तर बस त्यांच्याच हाती देऊन ड्रायव्हरला रजा दिली असती."