दुसरी हाक

खोटं सांगून मला काही मिळणार नाही. उलट हसंच होईल. तरी सांगतो.

ऑक्टोबर १९८३. रात्र नव्हे, रविवारची भरदुपार. उमरोळी स्टेशनजवळची आमची भाड्याची खोली. घरात मी आणि माझी बायको हंसा, दोघंच.

मला इंग्रजी गाण्यांचं भारी वेड. बोईसरला कारखान्यातून सुटलो की भंगारवाल्याकडे जुन्या रेकॉर्डी धुंडाळायचो. त्या आठवड्यात एक मिळाली. मागे १९६७ छापलेलं. कव्हरवर नारिंगी सूर्य, त्याला डोळे. गाणाऱ्यांची नावं कुणीतरी खरवडून काढलेली.

"ले जाओ साहब, यहाँ कोई नहीं सुनता," भंगारवाला म्हणाला. जरा जास्तच घाईनं म्हणाला, असं आता वाटतं.

पण गाणी काय होती! चार आवाज एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चाललेले. बासरी, सतार, मध्येच उलटी फिरवलेली टेप. ऐकताना अंगावर कोवळं ऊन पडल्यासारखं वाटायचं. मी खुळावलो होतो.

त्या दुपारी पहिल्यांदाच दुसरी बाजू लावली. तिसरं गाणं. आवाज एकेक करून थांबले. नुसती सुईची खरखर...

आणि हाक आली.

"हंसूऽऽ..."

तांदूळ निवडणारे हंसाचे हात थांबले.

हंसू तिला एकच माणूस म्हणायचा. तिचा भाऊ दामू. दोन वर्षांपूर्वी एडवणहून त्याची होडी समुद्रात गेली, ती परत आलीच नाही.

मी दाराबाहेर पाहिलं. कोणी नाही. शेजाऱ्यांच्या दाराला कुलूप.

"तू बोललीस?" मी संशयानं विचारलं.

तिनं तोंडावर हात दाबला होता. मानेनंच नाही म्हटलं. मग हळूच म्हणाली, "एका हाकेला ओ नाय द्यायची. दुसरी आली तरच आपला माणूस. भूत दोनदा हाक नाय मारत."

"अगं, कानाचा घोळ असेल," मी हसलो. "थांब, बघू."

आणि मी सुई उचलून मागे ठेवली.

इतकंच केलं मी. आजही तो हात तोडून टाकावासा वाटतो.

खरखर...

"हंसूऽऽ..."

हंसाचा चेहरा उजळला. "अवो, दुसरी हाक! दादाच हाय!"

"हंसा, ती मीच पुन्हा..."

"ओऽऽ दादा!"

गाणं पुढे सुरू झालं. तेच चार आवाज. हंसा परत तांदूळ निवडू लागली, काही घडलंच नाही अशी.

त्याला अकरा वर्षं झाली. हंसा घरातच आहे. स्वयंपाक करते, हसते. पण हाक मारली की गुपचूप समोर येऊन उभी राहते. ओ देत नाही. एकदाही नाही.

रेकॉर्ड मी नंतर एकदाच लावली. हंसा तेव्हा पालघरला बाजाराला गेली होती.

"हंसूऽऽ..."

आणि त्या हाकेमागून, रेकॉर्डमधूनच... "ओऽऽ दादा!"

आवाज हंसाचाच.

मग माझ्या घरात वावरते ती कोण, हे विचारायचा धीर मला आजवर झालेला नाही.

आणखी एक. ती मला हाक मारते, ती एकदाच. दुसऱ्यांदा कधीच नाही.

आत्ताही मारलीये. ताट वाढलं असेल बहुतेक.

मी दुसरीची वाट बघतोय.